जुनं जहाज, नवी कंपनी

१९१९ च्या सुरुवातीला एक जहाज विकायला निघालं होतं. नाव 'लॉयल्टी'. वय २८ वर्षं. मालक ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. ते घेण्याच्या विचारात असलेला माणूस सोलापूरचा होता, आणि सोलापूरपासून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेचारशे किलोमीटर लांब. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरच्याच गुजराती जैन घरात. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात मन रमेना म्हणून हा मुलगा लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेच्या ठेकेदारीत शिरला आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून वर आला. माती, खडी, पूल, बोगदे यांचा हिशोब त्याला तोंडपाठ होता. बोटीचा धंदा मात्र त्याने कधी केलेला नव्हता.

जुनी, स्वस्तात मिळणारी, पण बरंच काम निघणारी बोट घ्यावी की नाही, हा प्रश्न जगभरच्या हौशी लोकांना पडतो. आपल्याकडे तो एका उद्योगपतीला पडला होता आणि पुढे काय झालं त्याची नोंद आहे. म्हणून या प्रकरणात आधी त्या जहाजाची तपासणी करू.

'लॉयल्टी'चं मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसच्या गोदीत ती बांधली गेली आणि ऑगस्ट १८९० मध्ये पाण्यात उतरली. मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. या कंपनीने एका वेळी तीन सारख्या बोटी बांधून घेतल्या होत्या: इंडिया, जपान आणि चायना, तिघीही 'एम्प्रेस'. व्हँकुव्हर ते हाँगकाँग टपाल आणि उतारू न्यायचे, हे त्यांचं काम. पांढरा रंग, जुन्या शिडाच्या जहाजासारखी पुढे झेपावणारी नाळ, तीन डोलकाठ्या, दोन धुराडी, खाली दोन पंखे. लांबी साडेचारशे फुटांहून जास्त, टनेज सहा हजारांच्या आसपास. (इथे वाचक हमखास फसतो. हे टनेज वजनाचं नसतं. जहाजाच्या पोटातल्या जागेचं ते माप आहे, शंभर घनफुटांना एक टन. भंगारवाला जहाज घेतो तेव्हा त्याला या आकड्याशी कर्तव्य नसतं, तो लोखंडाचं वजन विचारतो.)

जहाज देखणं होतं यात शंका नाही. पण विकत घेणाऱ्याने पाहायची गोष्ट वेगळीच होती, आणि ती जहाजावर नव्हतीच. ती होती कॅनेडियन पॅसिफिकच्या जमाखर्चात. या टपाल सेवेसाठी कंपनीला वर्षाला ६० हजार पौंडांचं सरकारी अनुदान मिळत होतं, त्यातले ४५ हजार ब्रिटिश सरकारचे आणि १५ हजार कॅनडाचे. ही बोट ज्या वेगासाठी बांधली होती, त्या वेगाचा कोळसा नुसत्या तिकिटांवर भागणारा नव्हता.

याचं कारण साधं आहे, पण भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पाण्यातून जहाज ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. उलट बाजूने पाहिलं तर १६ नॉटवरून १२ नॉटवर आलं की ताकद निम्म्याहूनही खाली येते. मुंबई ते लंडन हा सुएझमार्गे सव्वासहा हजार सागरी मैलांचा रस्ता. १६ नॉटने तो सोळा-सतरा दिवसांत संपतो, १२ नॉटने बावीस दिवस लागतात, पण एकूण कोळसा जवळजवळ निम्म्यावर येतो. मालवाहू बोट म्हणूनच संथ चालते. टपालबोटीला तसं चालता येत नाही, कारण उतारू वेगाचेच पैसे देतो. शिवाय तिचं पोट इंजिनांनी, बॉयलरांनी आणि कोळशाच्या कोठारांनी भरलेलं, मालाला जागा थोडी. म्हणजे 'लॉयल्टी' संथ चालवून माल न्यावा तर जागा नाही, आणि वेगाने चालवून माणसं न्यावीत तर अनुदान नाही.

डिसेंबर १९१४ मध्ये महायुद्धासाठी ती शिंदे सरकारांनी घेतली, १९१५ च्या जानेवारीत तिचं नाव 'लॉयल्टी' झालं आणि हिंदी सैनिकांसाठी इस्पितळाची बोट म्हणून ती युद्ध संपेपर्यंत राबली. इस्पितळाच्या बोटीत खोल्यांच्या जागी लांबलचक वॉर्ड लागतात. उतारूंची बोट करायची तर ते सगळं उलटं फिरवणं आलं.

आता बॉयलर. त्या काळच्या इंजिनात वाफ तीन वेळा वापरली जाई: आधी लहान सिलिंडरमध्ये जोराच्या दाबाने, मग मधल्या, मग मोठ्या सिलिंडरमध्ये. उत्तम यंत्र, चांगलं वंगण मिळालं तर चाळीस वर्षंही चालेल. पण त्याला वाफ पुरवणारा बॉयलर तेवढा जगत नाही. नळ्यांवर क्षार बसतात, पत्रा आतून खातो, टाके पाझरू लागतात. मग तपासणी अधिकारी सांगतो, एवढा दाब यापुढे चालणार नाही, कमी करा. दाब उतरला की वेग उतरतो, आणि वेग हेच जिचं भांडवल ती बोट तिथेच अर्धी होते. बाहेरच्या पत्र्याचीही तीच गत. त्या काळी जाडी तपासायला हातोडी हे मुख्य हत्यार होतं. सुक्या गोदीत उभं राहून पत्र्यावर हातोडी मारत जायचं. धड पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. शंका आली तर भोक पाडून जाडी मोजायची आणि भोक बुजवायचं. रंगाने यातलं काहीही झाकता येतं, म्हणून नुकत्याच रंगवलेल्या जुन्या बोटीकडे जाणकार जास्तच संशयाने बघतात.

हे सगळं १९१९ मध्ये कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. तरीही बोट घेतली गेली.

चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे, दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या डब्यातल्या गप्पांत 'लॉयल्टी' विकायची आहे ही खबर वालचंदांच्या कानी पडली. पुढची घाई त्यांच्या स्वभावाला धरून होती. त्यांनी नरोत्तम मोरारजींना गाठलं. हे नावही सोलापूरकरांना परकं नाही. त्यांचे वडील मोरारजी गोकुळदास यांनीच सोलापुरात १८७० च्या दशकात गिरणी काढली होती, तीच पुढे 'जुनी मिल' म्हणून गावाच्या तोंडी बसली. किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदासही आले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. नाव ज्यांच्याकडून बोट घेतली त्या शिंद्यांचं. अधिकृत भांडवल साडेचार कोटी रुपये. आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली.

तारखा पुन्हा बघा. नोंदणी आणि प्रस्थान यांत नऊ दिवस. नऊ दिवसांत रंग होतो, गाद्या बदलतात, स्वयंपाकघर घासून निघतं. बॉयलर बदलत नाहीत.

या घाईमागे बाजार होता. जर्मन पाणबुड्यांनी युद्धात इतकी जहाजं बुडवली होती की १९१९ मध्ये तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूला मागणी होती. विलायतेला जायला लोक तिकिटासाठी ताटकळत होते. नवी बोट बांधायला द्यावी तर ब्रिटिश गोद्या स्वतःच्याच कंपन्यांच्या कामांत गळ्यापर्यंत बुडालेल्या. भाड्याने बोटी घेण्याचा मार्ग जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात करून पाहिला होता. चीन-जपानच्या कापूस वाहतुकीत त्यांनी भाड्याची जहाजं उतरवली, पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने दर पाडले आणि टाटांना माघार घ्यावी लागली. तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, स्वतःच्या बोटीही आणल्या. १९०८ मध्ये ते तुरुंगात गेले आणि कंपनीही टिकली नाही. हे दोन्ही दाखले वालचंदांच्या समोर होते. म्हणजे बोट आता हवी होती, स्वतःची हवी होती, आणि हाताशी एकच होती.

परिणाम लवकर दिसला. युद्धानंतरची तेजी १९२० मध्येच ओसरली आणि जगभर वाहतुकीचे दर कोसळले. दर चढे असताना जुन्या बोटीचा खादाडपणा खपून जातो, दर पडले की पहिला फटका तिलाच. 'लॉयल्टी' १९२१ मध्ये मुंबईत बांधून ठेवली गेली आणि १९२३ मध्ये मोडीत निघाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा हिशोब इथे तंतोतंत लागू पडला.

मग वालचंद चुकले का? मला विचाराल तर जहाजाचा खरेदीदार म्हणून चुकले, आणि ठळकपणे चुकले. २८ वर्षांची, अनुदानावर जगलेली, वेगासाठी बांधलेली बोट तेजीच्या शेंड्यावर घेणं, याला दुसरं नाव नाही. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून १९६४ पासून पाळला जातो, भाषणं होतात, आणि त्या दिवशी निघालेल्या बोटीचं पुढे काय झालं हे सहसा कोणी सांगत नाही. तोट्याची गोष्ट सोहळ्यात बसत नसावी.

पण त्यांनी बोटीबरोबर आणखी काही घेतलं होतं. हिंदी मालकीची बोट विलायतेला गेली, या एका गोष्टीवर कंपनीचे भाग खपू शकत होते, आणि त्या भांडवलातून मालवाहू बोटी येऊ शकत होत्या. तशा त्या आल्या. किनाऱ्यावरची खरी लढाई त्यांनी लढली. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने रंगून-मुंबई तांदळाचा दर टनामागे १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आणला. सिंदिया मोडली नाही. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला, त्यात सिंदियाला ७५ हजार टनांची मर्यादा आणि किनारी वाहतुकीचं कुंपण पत्करावं लागलं. अपमानास्पद करार होता, पण करार ज्याच्याशी करावा लागतो तो जिवंत असतो. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी अपघातात गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेली 'जलउषा' जवाहरलाल नेहरूंनी पाण्यात सोडली. ती नवी कोरी होती.

तेव्हा जुनी बोट घेणाऱ्याने स्वतःला आधी विचारायचं ते हे, की बोट तोट्यात गेली तरी माझ्या हाती उरणारं दुसरं काही आहे का. वालचंदांकडे ते होतं, आणि तोटा सोसणारं भांडवलही होतं. तुमच्या-माझ्याकडे बहुधा नसतं. मग उरते ती निव्वळ बोट, आणि तिची तपासणी कडक करावी लागते.

समजा, सोलापूरच्या कोणी उजनी धरणात फिरवायला म्हणून मुंबई-गोव्याकडे वापरलेली शिडाची होडी हेरली आहे. वीस-पंचवीस फुटी, फायबरची, शीड फाटलेलं, इंजिन बंद, मालक म्हणतो 'थोडं काम आहे'. हे थोडं काम कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. शीड, दोर, गाद्या, वायरिंग हे खर्चाचं असलं तरी सुटं काम आहे, बदलता येतं, हप्त्याहप्त्याने करता येतं. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्याच लागतात. एखादा धागा तुटून वर आलेला दिसला तर सगळा संच गेला असं समजावं. भीती वाटावी ती सांगाड्याच्या दुखण्याची. फायबरच्या डेकच्या पोटात बहुतेक वेळा हलकं लाकूड असतं. एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून काही दिसत नाही. चालून पाहावं, पाय दबतो का. लाकडी मुठीने ठोकत जावं, आवाज कुठे बसतो ते ऐकावं. १९१९ मधली हातोडी आणि ही मूठ यांत फरक फक्त वजनाचा. तळाला जड कणा बोल्टांनी जोडलेला असेल तर त्यातला एखादा काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पाण्यात राहून तो मधोमध गळ्यासारखा बारीक झालेला असतो आणि दोन्ही टोकं मात्र टणक दिसतात.

उजनीचं पाणी गोडं आहे, ही सोय वाटते पण पूर्ण नाही. लाकूड पोखरणारे समुद्री किडे गोड्या पाण्यात जगत नाहीत, हे खरं. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, गोडं मानवतं. फायबरच्या थरात पाणी शिरून फोड येण्याचा त्रासही गोड्या पाण्यात लवकर होतो. शिवाय उजनी उन्हाळ्यात 'मायनस'मध्ये जाते हे सोलापूरकराला सांगायला नको. पाणी ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं; म्हणजे पाणी असताना ते खाली असतंच, आणि खोल कण्याच्या होडीला तळाशी काय आहे ते माहीत असावं लागतं. वारा दिवसभर मंद, आणि वळवाच्या दिवसांत संध्याकाळी एकदम तुफान. २१ मे २०२४ रोजी अशाच वादळात कुगाव-कळाशी मार्गावरची बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. दुरुस्ती अर्धवट ठेवून 'पुढच्या सीझनला बघू' म्हणायची ही जागा नाही.

घेऊच नये असं मात्र नाही. १९८५ मध्ये लष्कराच्या इंजिनिअर्सनी इंग्लंडमध्ये वापरलेली ३७ फुटी स्वान जातीची शिडाची बोट घेतली, तिचं नाव 'तृष्णा' ठेवलं आणि जानेवारी १९८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून ती मुंबईला आणली. नवी बांधण्यात जी वर्षं गेली असती ती वाचली. पण बोट नावाजलेल्या बांधणीची होती, आणि चालवणारे स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणारे होते.

हाताचा हा मुद्दा बोटीच्या किमतीहून मोठा आहे, कारण जुन्या बोटीत सामानापेक्षा मजुरी जास्त जाते. कुलाब्याला बांधलेल्या 'सुहैली'चं बघा. ३२ फुटी, सागवानी, १९६४ मध्ये पाण्यात उतरलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिलेच. वाटेत तळाशी फळ्यांच्या जोडातून पाणी येऊ लागलं. भर समुद्रात ते बुडी मारून खाली गेले, फटीत कापूस ठासला, वरून तांब्याची पट्टी ठोकली, पुन्हा श्वास घ्यायला वर, पुन्हा खाली. मध्येच एक शार्क घुटमळू लागला, तो बंदुकीने मारून काम पुरं केलं. पुढे १९९७ मध्ये ही बोट ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत सागवान आटू लागलं, फळ्यांच्या फटी रुंदावल्या. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढलं. सागवान धड होतं, फळ्यांना धरून ठेवणारे जुने लोखंडी खिळे मात्र गंजले होते. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने मग वर्षानुवर्षं सवडीने ते एकेक करून बदलले आणि 'सुहैली' पुन्हा पाण्यात सोडली. या कामाची बाहेरची मजुरी द्यावी लागली असती, तर त्यांनीही बहुधा दुसरी बोट बघितली असती.